पेशा सोडून परदेशात मुक्त लेखन करायचं, तर सुरुवात कुठून?

प्रश्न असा आहे: दहा-पंधरा वर्षं वैद्यकी, अभियांत्रिकी, वकिली किंवा वित्तक्षेत्रात काढली आहेत. आता ती नोकरी सोडून दुसऱ्या देशात राहायला जायचं आहे आणि इंग्रजीत मुक्त लेखन करून पोट भरायचं आहे. हे जमतं का, आणि पहिलं पाऊल कोणतं?

जमतं. पण बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी वेबसाइट, मग नमुन्याचे लेख, मग संपादकांना ईमेल, आणि व्हिसावर हे काम चालतं की नाही हा प्रश्न पहिलं मानधन खात्यात आल्यावर पडतो. तो सर्वांत आधी सोडवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एखाद्या देशात राहण्याची परवानगी, तिथे नोकरी करण्याची परवानगी आणि स्वतःच्या नावावर कमावण्याची परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर पदवीचं शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, स्वयंरोजगार मात्र करता येत नाही. लेख लिहून इन्व्हॉइस पाठवणं हा स्वयंरोजगारच. त्याच देशात स्किल्ड वर्कर व्हिसाधारकाचा जोडीदार म्हणून गेलेल्या व्यक्तीला तो खुशाल करता येतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाने ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याचसाठी काम करायचं असतं; संध्याकाळी बसून दुसऱ्यासाठी मानधनावर लिहिणं त्यात बसत नाही. एच-४ वर गेलेल्या जोडीदाराला आपोआप काम करता येत नाही. २०१५ पासून त्यांच्यापैकी काहींना ईएडी हे वेगळं कामाचं कार्ड मिळू शकतं, पण तेव्हाच, जेव्हा मुख्य व्हिसाधारकाची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचलेली असते. कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्या कर्मचाऱ्यासोबत एल-२ व्हिसावर गेलेल्या जोडीदारांना मात्र २०२१ च्या अखेरपासून त्या दर्जासोबतच कामाचा हक्क मिळतो. म्हणजे एकाच घरात, एकाच टेबलावर, एकच लेख लिहिणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचं काम कायदेशीर आणि दुसऱ्याचं बेकायदेशीर असू शकतं.

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: ग्राहक तिसऱ्याच देशात आहे, पैसेही तिसऱ्याच देशातल्या खात्यात जमा होतात, मग मी इथे 'काम' करतो असं कसं म्हणता? बहुतेक कायदे पैसा कुठे पोचला हे पाहत नाहीत. काम करताना तुम्ही कुठे बसला होतात हे पाहतात. काही देशांनी यात सवलत दिली आहे. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून पर्यटक म्हणून आलेल्यांना परदेशातलं काम दूरस्थपणे करायला मुभा दिली, पण येण्याचा मुख्य हेतू ते काम असता कामा नये. कॅनडात अभ्यागत म्हणून साधारण सहा महिन्यांपर्यंत परदेशी मालकासाठी किंवा ग्राहकासाठी दूरस्थ काम चालतं. या दोन्ही सवलतींवर कायमचं बिऱ्हाड मांडता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता 'डिजिटल नोमॅड' व्हिसांबद्दल, म्हणजे परदेशी ग्राहकांचं काम दूरस्थपणे करणाऱ्यांना राहू देणाऱ्या व्हिसांबद्दल. जाहिरातीत ते फार सोपे दिसतात. स्पेनचा व्हिसा २०२३ पासून मिळू लागला. त्यात मुक्त व्यावसायिकाचं स्पॅनिश ग्राहकांकडून येणारं काम एकूण कामाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट लागतं आणि ज्या कंपनीसाठी तुम्ही काम करता तिच्याशी किमान तीन महिन्यांचा व्यवहार दाखवावा लागतो. पोर्तुगालच्या डी-८ या अशाच व्हिसाला किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं, तेही मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने. याचा अर्थ नीट समजून घ्या. पंधरा वर्षांची पगारपत्रकं इथे उपयोगी पडत नाहीत. चालू असलेलं मुक्त उत्पन्न दाखवायचं असतं. म्हणून राजीनामा देऊन मग अर्ज करणारा अडकतो. लेखनाचं उत्पन्न नोकरीत असतानाच सुरू झालेलं हवं, आणि त्यासाठी सध्याच्या नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाविषयीचं कलम आधी वाचायला हवं. तिथे लेखी परवानगी मागितली असेल तर ती घ्या. 'लेखन म्हणजे छंद' हे स्पष्टीकरण मानधन घेतल्यावर टिकत नाही.

मुक्त लेखकासाठी सर्वांत आखीव वाट जर्मनीत आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त. तिथल्या आयकर कायद्यात पत्रकार, लेखक, अनुवादक, डॉक्टर, वकील, अभियंते हे 'फ्रायबेरुफ्लर' म्हणजे मुक्त पेशेवाल्यांत मोडतात. त्यांना व्यापार नोंदणी करावी लागत नाही आणि व्यवसाय करही लागत नाही. कर कार्यालयात नोंदणीची प्रश्नावली भरून कर क्रमांक घ्यावा लागतो. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला निवास कायद्याच्या २१ व्या कलमाखाली स्वयंरोजगाराचा परवाना मिळू शकतो. फाइलमध्ये आर्थिक आराखडा, आरोग्य विमा आणि ग्राहकांची इरादापत्रं लागतात. या पत्रांवरच अनेक अर्ज रखडतात. 'आम्हांला यांच्यासोबत काम करायला आवडेल' असं पत्र फारसं कामाचं नाही. कोणतं काम, महिन्याला अंदाजे किती आणि कोणत्या दराने, हे त्यात हवं. वय ४५ च्या पुढे असेल तर बहुतेक अर्जदारांना म्हातारपणाच्या तरतुदीचा पुरावाही द्यावा लागतो. पेशा सोडून येणारे अनेक जण नेमके याच वयाचे असतात आणि ही अट त्यांना फार उशिरा कळते.

तिथेच क्युन्स्टलरझोत्सियालकासे नावाची योजना १९८३ पासून चालू आहे. कलावंत आणि लेखक-पत्रकारांच्या आरोग्य, शुश्रूषा व निवृत्तिवेतन विम्याचा जवळपास अर्धा भार ती उचलते, म्हणजे नोकरीत मालक जो वाटा भरतो तो इथे ही योजना भरते. वर्षाला लेखनातून ३,९०० युरोंहून जास्त उत्पन्न ही तिची अट आहे, पण पेशात नव्याने आलेल्यांना पहिली तीन वर्षं ती लागू नसते. मुक्त लेखकाचा मोठा खर्च घरभाड्यानंतर विम्याचाच असतो. त्यामुळे या एका अर्जाने वर्षाचा हिशेब पालटू शकतो.

कराबाबत १८३ दिवसांचा आकडा (वर्षात इतके दिवस राहिलं की त्या देशाचे कर-रहिवासी) सगळ्यांना पाठ असतो आणि त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त विसंबलं जातं. १८३ दिवसांच्या आत राहिलो म्हणजे कर नाही, असं नसतं. कायमचं घर कुठे आहे, कुटुंब आणि आर्थिक संबंध कुठे आहेत, यांवरूनही रहिवास ठरतो, आणि दोन देशांनी एकाच वर्षी तुम्हांला आपलं म्हटलं तर दुहेरी कर टाळण्याच्या करारातलं रहिवासाचं कलम पाहावं लागतं. ज्या वर्षी देश बदलता त्या एका वर्षासाठी दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या कर सल्लागाराला पैसे द्या. पुढची वर्षं स्वतः सांभाळता येतात.

अमेरिकी प्रकाशनांसाठी बाहेरून लिहिणाऱ्याकडे डब्ल्यू-८बीईएन हा आपण अमेरिकी करदाते नसल्याचं सांगणारा फॉर्म मागतात. तो सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो, मग नवा द्यावा लागतो. तुम्ही अमेरिकेबाहेर बसून लेख लिहिला असेल तर त्या सेवेचं मानधन अमेरिकी उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे ३० टक्के कपात व्हायला नको. रॉयल्टीची गोष्ट वेगळी. ती अमेरिकेतल्या वापरापोटी असते आणि कर करारात सवलत नसेल तर कपात होते. इन्व्हॉइसवर 'लेखनसेवा, काम अमेरिकेबाहेर केलेले' एवढं लिहिलं की लेखा विभागातल्या माणसाचा गोंधळ वाचतो. याउलट अमेरिकेत राहून मुक्त काम करणाऱ्याला निव्वळ उत्पन्न ४०० डॉलरच्या वर गेलं की आयकराशिवाय १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार करही लागतो. पगारदाराच्या बाबतीत यातला अर्धा वाटा मालक भरतो, म्हणून नोकरीत असताना हा आकडा कधी डोळ्यांपुढे आलेला नसतो.

आता पैशाचं गणित. पगार भागिले तास असा दर काढला की माणूस बुडतो. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून सुट्ट्या, आजारपण आणि सरकारी कागदपत्रांचे मिळून सहा वजा केले की उरतात ४६. दिवसाला सात तास, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे साधारण १,६०० तास. यातले निम्मे पिच (संपादकाला द्यायचा लेखाचा प्रस्ताव) पाठवण्यात, वाचनात, हिशेबात आणि पाठपुराव्यात जातात. बिल लावता येतील असे तास ८०० धरा. कर, विमा आणि निवृत्तीची तजवीज धरून वर्षाला ४८,००० युरो लागत असतील, तर तासाचा दर ६० युरो पडला. आता १,२०० शब्दांचा एक लेख घ्या: अभ्यास ४ तास, दोन मुलाखती आणि त्यांची टिपणं ३, लेखन ५, संपादकाच्या दुरुस्त्या २, तथ्यतपासणी १, पत्रव्यवहार १. झाले १६ तास, म्हणजे ९६० युरो, म्हणजे शब्दाला ८० सेंट. त्याच लेखाला ३०० युरो मिळणार असतील तर तासाला १९ युरोंपेक्षा कमी पडतात. असा लेख कधी घेऊच नये असं नाही. नाव होण्यासाठी वर्षात दोन-तीन घ्या, पण ते उत्पन्नाच्या रकान्यात न धरता जाहिरातीच्या खर्चात धरा.

गंगाजळी किती हवी? पिचला उत्तर यायला दोन ते चार आठवडे, लेखनाला तीन, दुरुस्त्यांना दोन, आणि पैसे 'प्रकाशनानंतर ३० दिवसांनी' असतील तर मधे प्रकाशनाची वाट पाहणं आलंच. आज सुचलेल्या कल्पनेचे पैसे चार ते सहा महिन्यांनी हाती पडतात. वर्षभराचा घरखर्च बाजूला नसेल तर तिसऱ्या महिन्यात माणूस मिळेल ते स्वस्त काम उचलतो, त्यातच दिवस संपतात आणि चांगल्या पिचसाठी वेळ उरत नाही. या धंद्यातून माघारी फिरणाऱ्यांचं बहुधा इथेच बिनसतं, लेखणीत नाही.

विषय कोणता निवडायचा? पेशा सोडताना त्याचा कंटाळा आलेला असतो. प्रवास, खाणं, पुस्तकं, आयुष्यावरचं चिंतन यांवर लिहावंसं वाटतं. ती इच्छा खरी आहे, तिला जागा ठेवा. पण पहिली दोन वर्षं घर चालवणार तो जुना पेशाच. प्रवासावर लिहू शकणारे हजारो असतात; औषधचाचणीचा अहवाल वाचून त्यातली मेख ओळखणारा लेखक संपादकाला मुश्किलीने सापडतो.

डॉक्टर, औषधनिर्माते आणि संशोधक यांना वैद्यकीय लेखनात दोन निराळी दालनं आहेत. एक नियामक लेखनाचं: औषधांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणांसाठी चाचण्यांचे अहवाल, जे आयसीएच ई३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक आराखड्याप्रमाणे लिहिले जातात. इथे शैलीपेक्षा शिस्त मोलाची आणि दर बऱ्यापैकी स्थिर. दुसरं शोधनिबंध आणि वैद्यकीय शिक्षणसामग्रीचं. त्यात आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, लेखकत्वाचे चार निकष माहीत असलेच पाहिजेत. ते पूर्ण न करणाऱ्या व्यावसायिक लेखकाचं नाव लेखकांत न टाकता ऋणनिर्देशात द्यायचं, आणि पैसे कोणी दिले हेही सांगायचं. नाव पूर्णपणे लपवायला सांगणारं काम नाकारा. अमेरिकन मेडिकल रायटर्स असोसिएशन १९४० पासून आहे, युरोपची वेगळी संघटना आहे. दोन्हींकडे प्रशिक्षण मिळतं. अभियंत्यांनी तांत्रिक लेखनाकडे पाहावं, पण 'मला यंत्र कळतं' एवढं पुरत नाही. विमान व संरक्षण उद्योगात एएसडी-एसटीई१०० हे सोप्या तांत्रिक इंग्रजीचं मानक चालतं, त्यात शब्द आणि वाक्याची लांबीसुद्धा ठरलेली असते: सूचनेचं वाक्य २० शब्दांपर्यंत, वर्णनाचं २५ पर्यंत. सुटे मजकूरखंड जोडून पुस्तिका बनवणारी डीआयटीए पद्धत शिकायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्याने कामाचा दर्जा बदलतो. वकील आणि वित्तक्षेत्रातल्यांना श्वेतपत्रिका (एखाद्या विषयावर कंपनीने काढलेला सविस्तर अहवाल), ग्राहककथा, नियमबदलांचे खुलासे असं काम मिळतं.

दोन सावधगिऱ्या. रुग्ण, अशील, ग्राहक यांची गुपितं नोकरी सोडली तरी गुपितंच राहतात. नाव बदलून लिहिलं तरी तपशिलांवरून माणूस ओळखू येत असेल तर ते उघड करणंच आहे. आणि पेशाची नोंदणी किंवा परवाना लगेच सोडू नका. निष्क्रिय सदस्यत्वाची सोय असेल तर ती घ्या. एकदा नाव कमी झालं की ते परत लावायला कुठे परीक्षा, कुठे प्रशिक्षणाचे तास मागतात.

पिचमध्ये पेशेवाल्यांची एक ठरलेली चूक होते: ते विषय पाठवतात, लेख नाही. 'रुग्णालयांतले जंतुसंसर्ग' हा विषय झाला. 'नवा नियम लागू झाल्यावर लहान रुग्णालयं निर्जंतुकीकरण बाहेरून करून घेऊ लागली आहेत आणि त्यातून एक नवी अडचण तयार झाली आहे' हा लेख झाला, कारण त्यात काहीतरी बदललंय आणि कोणाला तरी त्याची झळ बसतेय. पिच २०० ते ३०० शब्दांत बसवा: पहिल्या दोन वाक्यांत गाभा, मग हे आत्ताच का, कोणाशी बोलणार, किती शब्द, कधी देणार, आणि शेवटी एका वाक्यात तुम्हीच का. ते शेवटचं वाक्य तुमचं भांडवल आहे, पण अर्धं पान बायोडेटा लिहिलात की ते वाया जातं. प्रकाशित नमुने नसतील तर व्यावसायिक संघटनांच्या नियतकालिकांपासून सुरू करा. तिथले संपादक पेशातल्या माणसाची भाषा घडवून घ्यायला तयार असतात. सात ते दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग तीच कल्पना दुसरीकडे पाठवा. एकाच वेळी दोन संपादकांकडे पाठवायची असेल तर तसं दोघांना सांगून. आणि लिहिण्याआधी त्या प्रकाशनाची शैलीपुस्तिका पाहा. ब्रिटिश वर्णलेखन अमेरिकी संपादकाकडे गेलं की लेखक नवखा आहे हे पहिल्या ओळीत कळतं.

करार मात्र शब्दन् शब्द वाचायचा. सगळ्यांत आधी हक्काचं कलम. पहिल्या प्रकाशनाचा हक्क देणं आणि सर्व हक्क देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकी करारात 'वर्क मेड फॉर हायर' असेल तर त्या लेखाचा कायदेशीर कर्ता तुम्ही नसून कंपनी असते. पुढे तो पुस्तकात घ्यायचा म्हटलं तरी परवानगी मागावी लागेल. जर्मनीत याउलट लेखनाचे मूळ हक्क हस्तांतरित होतच नाहीत, फक्त वापराचे हक्क देता येतात. 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टासिनी' या २००१ च्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने मुक्त लेखकांचे लेख परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक संग्रहांत देता येत नाहीत असा निकाल दिला. त्यानंतर प्रकाशनांच्या करारांत 'सर्व माध्यमांत, सर्वकाळ' हे शब्द सर्रास दिसू लागले. ते शब्द पुसून मागायला लाजू नका. तुमचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाला वापरायचा की नाही हेही आता वेगळं लिहून घ्यावं.

मग पैशाची कलमं. 'प्रकाशनानंतर' ऐवजी 'स्वीकृतीनंतर' पैसे मागा, कारण स्वीकारलेला लेख वर्षभर पडून राहू शकतो. लेख रद्द झाल्यास किल फी, म्हणजे भरपाईची रक्कम, किती हे लिहून घ्या; अनेकदा ती ठरलेल्या मानधनाच्या चौथ्या भागाएवढी असते, पण संपूर्ण लिहून दिलेल्या लेखाला निम्मी मागणं रास्त आहे. दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोनवर थांबवा, पुढच्या फेरीला तासाचा दर. आणि नुकसानभरपाईचं कलम: कोणी दावा लावला तर सगळा खर्च लेखकाने सोसायचा असं त्यात लिहिलेलं असतं. 'लेखकाने जाणूनबुजून करारभंग केल्याचं न्यायालयात सिद्ध झाल्यास, आणि मानधनाच्या रकमेपर्यंत' अशी मर्यादा घालून घ्या. आरोग्य, कायदा किंवा पैशावर लिहिणाऱ्याने व्यावसायिक दायित्व विमा काढलेला बरा.

इन्व्हॉइसवर क्रमांक, तारीख, कामाचं नाव, देय तारीख आणि बँकेचा पूर्ण तपशील हवा. स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-जाळ्यातून येणाऱ्या रकमेतून मधल्या बँका आपलं शुल्क कापतात, म्हणून 'हस्तांतराचा खर्च पाठवणाऱ्याकडे' हे आधीच ठरवा. लहान रकमांना वाइज किंवा पेओनीयरसारखी सेवा सहसा स्वस्त पडते.

थकबाकीवर कायदा बऱ्याच ठिकाणी तुमच्या बाजूने आहे, पण मागितल्याशिवाय काही मिळत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाप्रमाणे करारात मुदत नसेल तर ३० दिवस धरतात, त्यापुढे केंद्रीय बँकेच्या दरावर किमान ८ टक्के बिंदू व्याज आणि किमान ४० युरो वसुलीखर्च मागता येतो. ब्रिटनमध्येही १९९८ च्या कायद्याने पायाभूत दरावर ८ टक्के मिळतात. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार बंधनकारक आहे. २०२४ मध्ये असाच कायदा संपूर्ण राज्यात लागू झाला. स्मरणपत्रात संबंधित कायद्याचं नाव आणि व्याजाची रक्कम लिहिली की बरीच अडकलेली बिलं आठवड्यात सुटतात. ते पत्र संपादकाला नको, लेखा विभागाला लिहा. संपादकाशी पुढच्या लेखाचं बोलायचं असतं.

शेवटी एक गोष्ट, जी चांगलं चालू लागल्यावर बिघडते. एखादा मोठा ग्राहक मिळतो, काम नियमित येतं आणि हळूहळू सगळं उत्पन्न त्याच्याकडूनच येऊ लागतं. अशा वेळी बऱ्याच देशांत तुम्ही खरोखर मुक्त आहात की लपवलेले नोकर, हा प्रश्न उभा राहतो. जर्मनीत उत्पन्नाच्या सुमारे पाच-षष्ठांश हिस्सा सातत्याने एकाच ग्राहकाकडून येत असेल आणि हाताखाली कोणी कर्मचारी नसेल, तर सक्तीचा निवृत्तिवेतन विमा लागू शकतो. ठरलेल्या वेळी हजेरी, कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ईमेल पत्ता या खुणा तपासणीत तुमच्या विरुद्ध जातात. अशा ग्राहकाचं काम सोडायची गरज नाही. आठवड्यातला एक दिवस इतरांना पिच पाठवण्यासाठी राखून ठेवा, काम भरपूर असलेल्या महिन्यांतसुद्धा.